ज्याची त्याची ऊब

तोमिएच्या अंगची ऊब ३५.१. जन्मभर तेवढीच. लग्नात तेवढी, दोन बाळंतपणं उरकल्यावर तेवढी, नवरा गेला त्या सकाळीही तेवढीच. आमच्या बर्फाच्या मुलखातल्या म्हाताऱ्यांना एक वेळ नातवाचं नाव आठवणार नाही, पण धडधाकट असताना आपलं अंग किती डिग्री असतं ते विचारा, झोपेतसुद्धा सांगतील. त्यात तोमिए तर नर्स. टेकडीवरच्या या वृद्धाश्रमात तिने एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा मुख्य परिचारिका म्हणून. निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी, एक्याऐंशी वर्षांची होऊन, ती त्याच इमारतीत राहायला आली. "नोकरीत असताना रात्री घरी तरी जाता यायचं," असं ती सगळ्यांना सांगायची आणि वर स्वतःच हसायची.

तर हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या त्या सकाळी न्याहारीनंतर नुमाझावाने तिच्या काखेतलं यंत्र काढलं, चष्मा वर करून पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "छत्तीस पॉइंट चार! झकास!"

तोमिएला त्यात झकास काही दिसलं नाही.

नुमाझावा पन्नाशीचा. बँक बंद पडली म्हणून इकडे आलेला. माणूस सोन्यासारखा, पण आकड्यापलीकडे काही बघायचं असतं हे त्याला बँकेत कुणी शिकवलं नव्हतं. त्याने आकडा हातातल्या टॅबवर भरला. चौकोन हिरवा झाला. साडेसदतीसच्या वर गेला की लाल होतो. मोठ्या न्हाणीघराच्या दारावरही तेच लिहिलं आहे, या इमारतीला पहिल्यांदा रंग दिला तेव्हापासून: साडेसदतीस आणि पुढे, अंघोळ नाही.

"आज मग युझूचं पाणी ना, तोमिए-सान? मजा आहे," तो म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे गेला.

३६.४ वजा ३५.१. एक पूर्णांक तीनचा फरक तोमिएला बोटांवर मोजावा लागला नाही. काल संध्याकाळपासून खांदे जड होते. आज मिसोचं सूप तिने निम्मं टाकलं होतं. मुळ्याच्या लोणच्याचा वासही नको झाला होता, आणि ते लोणचं ती गेली पंच्याहत्तर वर्षं रोज खात आली होती. तरुण माणसाला फ्लू होतो तेव्हा तो ढोल वाजवत येतो: फणफणून ताप, थंडी, अंग ठणकणं. म्हाताऱ्यांकडे तो मागच्या दाराने येतो. कुणी सूप टाकतं, कुणी नेहमीपेक्षा दोन वाक्यं कमी बोलतं, कुणी सपाता उलट्या घालतं. शितावरून भाताची परीक्षा करायची असते इथे, हे तिनेच हाताखालच्या पन्नास पोरींना घोकून घोकून शिकवलं होतं.

म्हणजे तिला कळलं होतं. खालच्या गावातल्या शाळेत दोन वर्ग फ्लूने बंद झाल्याचं परवाच ऐकलं होतं आणि रविवारी तिला भेटायला आलेली भाची सारखी नाक ओढत होती. कळायचं काही शिल्लक नव्हतं. सांगायचं की नाही एवढंच उरलं होतं, आणि न सांगण्यासाठी खोटंही बोलावं लागणार नव्हतं. चौकोन हिरवाच होता. नुसतं गप्प बसायचं.

आणि गप्प बसायला कारण होतं. कारणाचं नाव हात्सुए.

हात्सुए इथली आचारीण. तीस वर्षं तिने या आश्रमाचा भात शिजवला, आता शहाऐंशीची होती आणि तोमिएच्या समोरच्या खोलीत राहत होती. दोनदा न्युमोनिया झाल्यापासून तिची फुप्फुसं जुन्या भात्यासारखी वाजायची. जीभ मात्र शाबूत होती, उलट धार वाढली होती. दोघी नोकरीत होत्या तेव्हापासूनचा त्यांचा एक नेम होता. या सगळ्यात लहान दिवशी आश्रमातल्या सगळ्यांना युझूच्या पाण्याची अंघोळ मिळायची. युझू म्हणजे लिंबाच्याच भावकीतलं, जाड सालीचं, खडबडीत पिवळं फळ. सगळ्यांची अंघोळ आटोपली, फळं फुटून मऊ झाली, पाणी जरा निवलं की सगळ्यात शेवटी या दोघी त्या मोठ्या हौदात गळ्यापर्यंत उतरायच्या. वर्षभराची भांडणं तिथे मिटायची आणि नवी तिथेच सुरू व्हायची. निवृत्तीनंतरही दोघी या दिवशी टेकडी चढून यायच्या, एकाही वर्षी चुकलं नाही.

उद्या सकाळी दहाला हात्सुएचा मुलगा गाडी घेऊन येणार होता. चिबाला, आपल्या घरी नेणार होता तिला, कायमचं. सहा तासांचा रस्ता. एक्याऐंशी आणि शहाऐंशी वर्षांच्या बायका सहा तासांच्या रस्त्यावरून एकमेकींकडे येत-जात नसतात. त्यामुळे आजची अंघोळ शेवटची होती, आणि हे दोघींनाही ठाऊक असल्यामुळे दोघीही त्याबद्दल बोलत नव्हत्या.

तोमिए उठली, टेबलाच्या खणातून कापडी मास्क काढून तोंडाला लावला आणि जेवणघराच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर हात्सुए युझूचं खोकं पुढ्यात घेऊन बसली होती. फळं धुवायचं काम अजून तिच्याकडेच होतं. कुणी दिलं नव्हतं, तिने सोडलं नव्हतं.

"ये की," हात्सुए म्हणाली. "आणि हे काय? नवरीसारखं तोंड झाकून कुठे निघालीस? या वयात कोण बघायला येणार आहे?"

"घसा कोरडा पडलाय जरा."

"सकाळी सूपही टाकलंस. मी बघितलं. माझ्या वेळचं सूप असतं तर टाकलं असतंस?"

"तुझ्या वेळी टाकायची सोय होती का? पळी घेऊन मागे उभी राहायचीस."

हात्सुए हसली, हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर छातीवर हात दाबून बसली. तोमिए दारातच थांबली. एरवी ती अशा वेळी जाऊन पाठीवरून हात फिरवायची. आज पाय पुढे टाकवेना.

"तिथे का उभी? बस ना."

"इथेच बरं वाटतंय. वारा येतो."

"बाहेर चार फूट बर्फ आणि हिला वारा हवाय." हात्सुएने एक युझू उचलून अंगठ्याने घासलं. आणि मग, दरवर्षी करायची तशी, खालच्या आवाजात नावाड्यांचं ते जुनं गाणं गुणगुणू लागली. मोगामी नदीवर भाताची पोती वाहणारे नावाडी वल्ह्याच्या तालावर म्हणायचे ते.

"ते नको गं," तोमिए म्हणाली.

"दरवर्षी नको म्हणतेस."

"दरवर्षी सुरू करतेस म्हणून."

हात्सुएने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाणं थांबवलं. फळं घासत राहिली. तोमिए खोलीत परतून खाटेवर टेकली.

ते गाणं गेन्झो आजोबांचं होतं.

एकोणीसशे ब्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा हा वृद्धाश्रम नव्हता इतका चकचकीत. लाकडी दारं, रॉकेलच्या शेगड्या, काखेत पाऱ्याची काचेची नळी आणि नळीत आकडा शोधायला खिडकीपाशी धरायचा उजेड. पण भात चुलीवरचा असायचा, संध्याकाळी सगळे एका खोलीत कुस्ती बघायला जमायचे आणि हरलेल्या पैलवानाला बायका जास्त शिव्या द्यायच्या. तोमिए तेव्हा चोपन्न वर्षांची, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढणारी. तिला ते दिवस इतके आवडायचे की कधी कधी स्वप्नातही ती कामावर असायची आणि जाग आल्यावर पोशाख शोधायची.

अंघोळ म्हणजे म्हाताऱ्यांचा जीव की प्राण. आठवड्यातून दोनच वेळा मिळायची, म्हणून ताप लपवायच्या एकेक युक्त्या. कुणी नळी बनियनवरच धरायचं, कुणी काख सैल सोडायचं, एक आजी तर उशाशी बर्फ ठेवून आधी काखेत धरायच्या. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत कुणी. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास नको, हे एक. आणि अंघोळ बुडायला नको, हे त्याहून मोठं. तोमिए सगळ्यांना पकडायची. नळी झटकायची आणि म्हणायची, "पुन्हा. आणि या वेळी माझ्यादेखत."

गेन्झो आजोबा एकोणऐंशीचे. आयुष्य नदीवर गेलं, त्यामुळे की काय, पाणी दिसलं की चेहरा उजळायचा. हौदात बसून ते वल्ह्याचं गाणं म्हणायचे. आवाज फाटका, पण भिंतींना तो आवडायचा, दुप्पट करून परत द्यायच्या. त्या वर्षीच्या युझूच्या दिवशी त्यांनी नळी नीट धरली. कसलीही युक्ती केली नाही. पारा ३६.६ वर थांबला होता. तोमिएने उजेडात पाहिलं, कागदावर लिहिलं, आणि लिहिताना आजोबांनी नेहमीसारखा तिचा हात थोपटला.

तो हात तापला होता.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? बावीस वर्षं नर्स असलेल्या बाईच्या तळव्याला कळायचं ते कळलं होतं.

"काय नर्सबाई, कागद काय म्हणतो?" आजोबांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत होते. त्यांनाही माहीत होतं.

"कागद म्हणतो, जा."

"मग झालं तर."

त्या दिवशी सगळेच अंघोळीच्या गडबडीत होते. हात्सुए स्वयंपाकघरातून युझूची टोपली घेऊन आली होती, तीच आजोबांना धरून न्हाणीघरात घेऊन गेली. मागून गाणं ऐकू आलं. तोमिए कागदावर पुढचं नाव लिहीत होती आणि ऐकत होती.

दहा दिवसांत अकरा जण आडवे झाले. तेव्हा नाकात काडी घालून पाव तासात निदान करायची सोय नव्हती. फ्लूच्या विषाणूवर द्यायला गोळी नव्हती. सलाइन, ओले फडके, पाठ थोपटणं आणि डॉक्टरांची वाट बघणं. रक्ताचे निकाल आले तोवर नवं वर्ष उजाडलं होतं आणि तिघं गेले होते. गेन्झो आजोबा दुसरे.

नंतर तोमिएने जुने कागद काढले. गेन्झो आजोबांचा वर्षभराचा आकडा ३५.३ च्या आसपास होता. एक पूर्णांक तीनने चढलेला. आजोबांनी आपला आकडा दहादा सांगितला असेल तिला, इथे प्रत्येक जण सांगतोच. पण दारावरच्या पाटीला सगळे सारखे होते. तिने त्याच आठवड्यात मुलांची शाळेची चौकटीची वही आणली, वर लिहिलं 'ज्याची त्याची ऊब', आणि उन्हाळ्यात, सगळे ठणठणीत असताना, प्रत्येकाचा दहा सकाळींचा आकडा घेऊन नावापुढे मांडायला सुरुवात केली. स्वतःच्या आकड्याहून एकाच्या वर चढला की तो आजारी, मग पाटी काहीही म्हणो. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या नर्सा ती वही बघायला आल्या. डॉक्टरांनी भाषणात तिचं नाव घेतलं. चुकीतून शिकलेली बाई, असं म्हणाले. सगळ्यांना वाटलं, वही नव्हती म्हणून चूक झाली.

वही नव्हती हे खरं. पण तळवा होता. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दारावर टकटक झाली आणि कायोको आत आली. कायोको म्हणजे आताची मुख्य परिचारिका. ब्याण्णव साली ती सव्वीस वर्षांची, नुकती लागलेली, रडकी पोर होती. सुई टोचताना पेशंटच्या आधी तीच डोळे मिटायची. तोमिएने तिला घडवलं. अजूनही ती तोमिएला 'बाई' म्हणायची.

"बाई, नुमाझावा-सान म्हणाले तुम्ही ठीक आहात. पण हात्सुए-सान म्हणाल्या सूप टाकलंत."

"चुगलखोर आहे ती."

"चुगली नाही, काळजी." कायोको खाटेपाशी बसली आणि सवयीने तोमिएचा हात हातात घेतला. घेतला आणि तसाच धरून राहिली.

तोमिए तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला दिसलं. भुवई जराशी हलली, ओठ मिटले, आणि मग कायोकोने नजर खिडकीकडे वळवली. खिडकीत बर्फाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"छत्तीस पॉइंट चार होतं ना?" कायोकोने विचारलं.

"हो."

"साडेसदतीसच्या आत आहे." तिचा आवाज बारीक झाला होता. "बाई, असं करू. दोन वाजता सगळ्यांबरोबर नकाच जाऊ. नेहमीसारखं शेवटी, दोघीच जा. पाच मिनिटं. दुसरं कुणी आत नसेल, मी स्वतः दारात उभी राहीन. उद्या त्या जाणार. मी... मला काही दिसलं नाही. हिरवा चौकोन आहे."

मनात मोह दाटून आला, खोटं कशाला बोला. पाच मिनिटं. हात्सुएला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मर मेले, ये लवकर, पाणी निवतंय. आणि कुणाला कळलं असतं? उद्या ती गाडीत बसून गेली असती. चार दिवसांनी चिबाला कुठल्यातरी दवाखान्यात तिचा भाता बंद पडला असता, तर लोक म्हणाले असते, वय झालं होतं, प्रवास झेपला नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

पण कायोकोची मूठ? तोमिएला एकदम दिसलं की खाटेवर बसलेली ही बाई त्रेपन्न वर्षांची आहे. चोपन्नाला एक कमी. नजर खिडकीकडे, हातात गरम हात, आणि तोंडाने पाटीवरचा आकडा म्हणते आहे. ही आता सत्तावीस वर्षं कुठलंतरी गाणं ऐकलं की उठून जाणार.

"कायोको, इकडे बघ," तोमिए म्हणाली.

"बाई, राहू दे ना."

"बघ म्हणते ना. गेन्झो आजोबा आठवतात?"

"आठवतात की. त्यांच्यावरूनच तर वही..."

"वही नंतरची. त्या दिवशी मी त्यांचा हात धरला होता, तू आत्ता माझा धरलायस तसा. गरम होता. मला कळलं होतं, कायोको. न कळता नाही झालं ते. मला कळलं आणि मी कागदाकडे बघितलं, कारण कागद मला हवं ते म्हणत होता. म्हाताऱ्याचं मन मोडवेना. दया आली. त्या दयेने तीन माणसं गेली."

कायोकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"तू हे घेऊन जगू नकोस. मी जगले, मला विचार. माझी ऊब पस्तीस पॉइंट एक. माडीवरच्या कपाटात वही असेल, कुणी टाकली नसेल तर. काढ आणि बघ."

कायोकोने पोशाखाच्या खिशातून चौकटीची वही काढली. कोपरे झिजलेली, पाठीला दोन वेळा चिकटपट्टी लावलेली. "टाकतंय कोण," ती नाक ओढत म्हणाली. "दर उन्हाळ्यात भरते. तुमचं पान याच वर्षी केलं. बघायला लागत नाही मला, पाठ आहे." मग उठली, दोन्ही हातांनी चेहरा पुसला, आणि पुसून खाली केलेले हात तोमिएने घडवलेल्या नर्सचे होते. "मास्क काढू नका. खोलीबाहेर यायचं नाही. मी डॉक्टरांना फोन करते."

नाकात काडी गेली तेव्हा तोमिएच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ठरवलं की ते काडीमुळेच आलं. बारा मिनिटांनी पट्टीवर दुसरी रेघ उमटली, फिकट, पण होती. त्यानंतर सगळं घड्याळासारखं झालं. तोमिएला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. तिला गोळ्या सुरू झाल्या, आणि न्याहारीला तिच्या टेबलावर बसलेल्या, हात्सुएसकट तिघांनाही, त्यांना काही होण्याआधीच, त्याच गोळ्या रोज एक. वहीत बघून सगळ्यांचे आकडे पुन्हा मोजले. नुमाझावा वही हातात घेऊन उभाच राहिला. "म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं," तो पुटपुटला. "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" चिबाला फोन गेला. मुलगा चांगला होता. म्हणाला, आईला प्रवासात काही झालं तर? दहा दिवस राहू द्या, मग येतो.

दुपारी तोमिएला पडल्या पडल्या न्हाणीघरातली गडबड ऐकू येत होती. बादल्यांचे आवाज, कुणाचं तरी हसणं. दाराच्या फटीतून युझूचा वास आला आणि तेवढा वास मात्र आज तिला नको झाला नाही. मग दाराबाहेर काठी आपटली.

"तोमी! ऐकू येतंय का?"

"आत येऊ नकोस."

"कोण मरायला येतंय! अगं बये, दोन तास कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

"तुझं बिघडलं असतं."

"माझं शहाऐंशीला काय बिघडायचं राहिलंय! चाळणीसारखी फुप्फुसं झालीत..." खोकला आला, बराच वेळ आला. तोमिए पांघरुणाची कड मुठीत धरून तो संपायची वाट बघत राहिली. "अंघोळीला गेले नाही मी," हात्सुए शेवटी म्हणाली. "एकटीने काय करायचं त्या हौदात. बुडायचं? दोन युझू बाजूला काढून ठेवलीत. गोळी खाल्लीस का?"

"खाल्ली."

"मी पण. कडू आहे मेली. माझ्या हाताखाली असती तर गुळात घोळून दिली असती." काठीचा आवाज लांब गेला.

ताप दोन दिवस चढला, तिसऱ्या दिवशी उतरू लागला. टेबलावरच्या तिघांपैकी कुणालाच काही झालं नाही. शेजारच्या खोलीतल्या एका आजोबांना झाला, पण त्यांचा आकडा अर्ध्या दिवसात पकडला गेला, आणि पकडला नुमाझावाने. दिवसभर तो एखादं बक्षीस मिळाल्यासारखा फिरत होता. वर्ष पालटलं, लांब शेवयांचा वाडगा तोमिएने खोलीत एकटीने खाल्ला, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी भाताचा मऊ लाडू घशात अडकेल म्हणून तिला नाकारला, आणि त्यावरून ती कायोकोशी इतकी भांडली की कायोको बाहेर जाऊन म्हणाली, बाई बऱ्या झाल्या.

दहाव्या दिवशी कायोकोने यंत्र काखेतून काढलं. बघितलं. आकडा वाचून दाखवला नाही, नुसतं तोमिएपुढे धरलं. ३५.१.

"जा," ती म्हणाली. "पाणी काढलंय. दोघींसाठीच."

हौद मोठा, आणि त्यात दोनच युझू तरंगत होती, सुरकुतलेली. वास मात्र सगळा भरून राहिला होता. हात्सुए आधीच गळ्यापर्यंत पाण्यात होती. उद्या सकाळी दहाला गाडी येणार होती. या वेळी नक्की.

"फळं वाळली," तोमिए म्हणाली.

"आपण कुठे टवटवीत आहोत?"

तोमिए हळूहळू उतरली. पाणी हनुवटीपर्यंत आलं. मग तोमिएने, हात्सुएकडे न बघता, ते सांगितलं. गेन्झो आजोबांचा हात, आणि कागद काय म्हणाला ते. कायोकोला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. सांगून झाल्यावर ती थांबली. आता ही काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती, वर्षानुवर्षं वाटत आली होती.

हात्सुएने पाण्यातलं एक युझू ओंजळीत घेतलं. पिळलं.

"त्यांना हाताला धरून इथे कुणी आणलं होतं गं त्या दिवशी?" ती म्हणाली.

तोमिएने वळून पाहिलं.

"मी आणलं होतं. जेवणघरापासून इथपर्यंत. हात हातात होता. माझा हात काय लाकडाचा होता, तोमी? आचारणीला गरम काय ते कळत नाही होय?" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी म्हटलं, नर्सबाईंनी बघितलंय. मला काय कळतं. मी आपली भात शिजवणारी. आणि नेलं. म्हणून दरवर्षी त्यांचं गाणं म्हणते. कुणीतरी म्हणायला हवं ना. तू नको म्हणायचीस, मला वाटायचं, तुला माहीत आहे. मी नेलं हे माहीत आहे, म्हणून तुला माझ्या तोंडून ते सोसत नाही."

सत्तावीस वर्षं. एकाच पाण्यात बसून दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. तोमिएला रडू आलं आणि या वेळी तिने ते कशावरही ढकललं नाही. पाण्याखालून तिने हात्सुएचा हात शोधला. गरम होता, पण पाण्यातले हात गरमच असतात.

"म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"गाणं. म्हण ना. उद्या जाशील मग."

हात्सुएने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास संपला, तेव्हा पुढची ओळ तोमिएने उचलली. शब्द तिला सगळे येत होते. भिंतींनी दोघींचे फाटके आवाज दुप्पट करून परत दिले, आणि दाराबाहेर उभी असलेली कायोको, पाच मिनिटं होऊन गेली तरी, आत आली नाही.